उद्यमनगर, रात्रपाळी

व्हॉल्व्हच्या कारखान्यावरच्या पोटमाळ्यावर
शाहिदा बारगीरांची पत्रं माझ्या ताब्यात असतात.
ताब्यात म्हणजे,
शिंक्यावरचं दूध मांजराच्या ताब्यात असतं तेवढीच.

खाली दादू मगदूमची लेथ थांबली
की वर नुसता पंखा,
आणि बिडाच्या किसाचा वास,
जो कितीही धुतलं तरी शर्टातून जात नाही.

कुलूप बाईंनी सगळीकडे वाटलंय.
कागल, गडहिंग्लज, राधानगरीच्या वरच्या वाड्यांपर्यंत.
कुणीही ते उघडं कुलूप घ्यावं,
पत्र आत ठेवावं, खटकन दाबावं.
दाबायला सगळ्यांना येतं.
उघडणारी किल्ली एकच,
ती लक्ष्मीपुरीत, बाईंच्या पर्समध्ये.

पत्राबरोबर त्यातले शब्दही येतात,
एकेक, आपापल्या कुलपात.
तोच शब्द दोनदा आला
तर दोन्ही वेळा चेहरा वेगळा.
मी ताडून पाहिलंय, चुलत भावंडंसुद्धा वाटत नाहीत.

मार्चात बाईंनी मला एक अर्धी किल्ली दिली.
तिनं काहीच उघडत नाही.
लावून बघायची फक्त.
तो एक शब्द आत असेल तर दिवा हिरवा,
नसेल तर काही नाही.
"हिरवी पत्रं दिवस उगवायच्या आत माझ्याकडं," म्हणाल्या,
"बाकीची निवांत पाठव."
कुठला शब्द, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
पगार न विचारण्याचाच होता.

सहा महिने लावत गेलो.
शंभरात सात हिरवी, कधी नऊ.

पण उघडं कुलूप माझ्याकडंही होतंच की.
सगळ्या जिल्ह्याकडं आहे, मग माझ्याकडं का नसावं?
गणपती झाल्यावरच्या एका रात्री
मीच एक शब्द कुलपात घातला
आणि बाईंची अर्धी किल्ली त्याला लावली.

तातडी. नाही.
मार. नाही.
रॉकेल, विहीर, पट्टा, सासरा.
दारू तर असणारच, म्हटलं. नाही.
माहेर. पोलीस. पोटातलं.
भाषा केवढी अफाट वाटते,
पण अडचणीतल्या माणसाला लागणारे शब्द
महिन्याच्या किराणा यादीएवढे.
रेटत राहिलं तर संपतात.

साडेतीनला चारशे झाले.
गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहायची वेळ जवळ येत होती.
बंद करता करता, असंच, हाताला आलं म्हणून
लिहिलं: बरी.
नाही.
मग आठवलं, आमच्याकडच्या बायका
येतो म्हणतात, जातो म्हणतात,
त्या कशाला लिहितील बरी?
ईकार पुसला. वर टिंब दिलं.

हिरवा.

बराच वेळ मी त्या दिव्याकडं बघत बसलो.
जी रडते, जी शिव्या घालते, जी नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते
तिचं पत्र बाई चहा घेऊन वाचतात.
आणि जी तीन ओळींत
पाऊसपाणी, पोरांची शाळा, म्हशीला रेडकू,
आणि खाली "आमचं तसं बरं हाय" लिहून थांबते,
तिच्याकडं गाडी पहाटेच निघते.

सकाळी जाऊन सांगून टाकलं.
बाई रागावल्या नाहीत.
चष्मा पुसत म्हणाल्या,
"तुला कळला, म्हणजे कुणालाही कळंल.
पत्र तर नाही ना फुटलं?"
नाही म्हटलं. खरंच नाही.
दुपारी नवी अर्धी किल्ली आली.
ह्या खेपेचा शब्द मी शोधला नाही.
शोधता आला असता.

रविवारी गारगोटीहून वैजूचा फोन.
कसं चाललंय, मी विचारलं,
दर रविवारी विचारतो तसं.
ती म्हणाली, रेडकू झालं.
म्हणाली, पोरगं पाचवीला गेलं.
जराशी थांबली.
बरं हाय की, म्हणाली.

खाली दादूनं लेथ सुरू केली.
मी खिसे चाचपत होतो.
मोटारसायकलची किल्ली
कुठं ठेवली होती कुणास ठाऊक.